बसच्या वेळापत्रकावर आखलेला दीक्षारंभ

सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावी असलेल्या एका अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आठवडाभराचा स्वागत व परिचय कार्यक्रम घेतला. शेजारच्या तालुक्यातील आमच्या महाविद्यालयाला पुढील वर्षी असाच कार्यक्रम आखायचा असल्यामुळे, त्यांच्या परवानगीने मी तो जवळून पाहिला, आखणी समितीचे कागद वाचले आणि कार्यक्रम संपल्यानंतरही तेथील विद्यार्थ्यांशी व कार्यालयातील कर्मचाऱ्यांशी अधूनमधून बोलत राहिले. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण काही गोष्टींवर टीका करावी लागणार आहे आणि त्या गोष्टी खान्देशातल्या बहुतेक महाविद्यालयांत कमीअधिक प्रमाणात तशाच आढळतात. मत आधीच सांगून टाकते. जे भाग अप-डाऊन करणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले ते उत्तम उतरले. जे बाहेरून विकत आणले किंवा परिपत्रकापुरते उरकले ते वाया गेले.

असे कार्यक्रम आता ऐच्छिक राहिलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांच्या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली आणि त्यात ओळखीपाळखी, संस्थेशी व परिसराशी जुळणे, नियमांची माहिती आणि प्रत्यक्ष अनुभव असे चार भाग सांगितले. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा तीन आठवड्यांचा आराखडा त्याआधीच आला होता. परिपत्रक येते, प्राचार्य एका ज्येष्ठ प्राध्यापकाला समन्वयक नेमतात, सभागृहात एक दिवसाचा समारंभ होतो, जिओटॅग केलेली छायाचित्रे काढली जातात आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत एक अहवाल जमा होतो, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. मुळात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे वेगळे लक्ष द्यावे ही कल्पना अशा समारंभांतून निघालेली नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७० साली मोठे विद्यार्थी आंदोलन झाले आणि त्यानंतर, १९७२ मध्ये, तेथे नवागतांसाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांचा संस्थेवर विश्वास बसावा हा त्यामागचा एक हेतू होता. खान्देशातला प्रथम वर्षाचा नाराज विद्यार्थी मात्र मोर्चा काढत नाही. तो येणे बंद करतो, आणि परीक्षेचा अर्ज भरला गेला नाही तेव्हा कुठे त्याचे नाव कोणाच्या तरी लक्षात येते. म्हणून येथील कार्यक्रमाची कसोटी टाळ्यांवर लावता येत नाही. दिवाळीनंतर वर्गात कोण उरले यावरच ती लावावी लागते.

उद्घाटनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते एका खासगी संस्थेकडून तयार कार्यक्रमाच्या स्वरूपात विकत घेतले होते. मोठा पडदा, कर्कश ध्वनियंत्रणा, प्रवेशद्वाराशी सेल्फीसाठी उभारलेली चौकट आणि शहरातून आलेले एक प्रेरणादायी वक्ते, असा तो बेत होता. वक्त्यांनी परदेशातील नोकऱ्या, मुलाखतीतील देहबोली आणि यशाची सूत्रे यांवर दीर्घ भाषण केले; समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपला वर्ग कोणत्या इमारतीत आहे हेही त्या वेळी ठाऊक नव्हते. दुपारची बस चुकेल म्हणून मागच्या रांगा भाषण संपण्याआधीच उठू लागल्या, तेव्हा व्यासपीठावरून ‘शिस्त’ या विषयावर चार शब्द सुनावले गेले. समितीच्या कागदांवरून पाहता कार्यक्रमाच्या एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा या एका सकाळीवर गेला होता. प्राचार्यांचे दहा मिनिटांचे स्वागत आणि ग्रंथपालांची ओळख, एवढे वगळता या भागाची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमाचा चेहरामोहरा बदलला, आणि त्याचे श्रेय समन्वयक प्राध्यापिकेने केलेल्या एका अगदी साध्या कामाला जाते. त्यांनी प्रवेश अर्जांवरून विद्यार्थ्यांच्या गावांची यादी काढली, ती एस.टी.च्या मार्गांनुसार लावली आणि आगारातून प्रत्येक मार्गाच्या बसच्या वेळा मागवून घेतल्या. त्यातून लक्षात आले की डोंगराकडच्या गावांतली मुले सकाळी अकराच्या आत पोहोचू शकत नाहीत आणि दुपारची बस चुकली तर थेट संध्याकाळपर्यंत अडकून पडतात. मग सगळी महत्त्वाची सत्रे अकरा ते दीड या वेळेत बसवली गेली, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते म्हणून त्या दिवशी फक्त ग्रंथालयाची भेट ठेवली. आमच्याकडच्या नियोजनाच्या बैठकांत पाहुणे कोण, हार किती आणि अल्पोपाहार कोणता, यांवर जितका वेळ जातो तितका वेळ येथे बसच्या वेळांवर गेला होता.

त्याच बसच्या संदर्भात आणखी एक चांगली गोष्ट घडली. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा प्रवास मोफत असतो. महाविद्यालयात आल्यावर ती सवलत संपते, हे अनेक मुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या गावीही नसते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आहे खरे, परंतु रोज ये-जा करणाऱ्या मुलीला ६६.६६ टक्के सवलतीचा विद्यार्थी मासिक पासच स्वस्त पडतो, आणि त्यासाठी बोनाफाईड, म्हणजे आपण येथील विद्यार्थी असल्याचा महाविद्यालयाचा दाखला, लागते. या महाविद्यालयाने बोनाफाईडचे अर्ज वर्गातच भरून घेतले आणि सही-शिक्क्यासह दुसऱ्या दिवशी गटागटात वाटले. एरवी या एका कागदासाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे दोन-तीन दिवस घालवावे लागतात, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे ऐकावे लागते, आणि नव्या विद्यार्थ्याचे संस्थेविषयीचे पहिले मत तिथेच तयार होते. महाविद्यालयातील वातावरण सुधारायचे असेल तर भित्तिपत्रकांआधी ही खिडकी सुधारावी लागते, हे या समितीला नीट उमगले होते.

आता गटांविषयी, कारण कार्यक्रमाचा सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच होता. सुमारे वीस विद्यार्थ्यांचा एक गट, त्याला एक प्राध्यापक आणि द्वितीय व तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी, अशी रचना होती. लहान गटांची कल्पना नवीन नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी २००९ च्या विनियमांतही नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवावा आणि त्याने गटातील प्रत्येकाशी रोज बोलावे, असे स्पष्टपणे म्हटलेले आहे. फरक असा की येथे गट हजेरीपटाच्या क्रमाने न पाडता बसच्या मार्गांनुसार पाडले होते. वर्गातले मित्र मिळायला महिना लागतो, परंतु एकाच बसने जाणाऱ्यांची ओळख पहिल्या दिवशीही होऊ शकते, आणि ज्या मुलीला परतीच्या प्रवासात सोबत आहे तिचे आईवडील तिला दुसऱ्या दिवशी पाठवतात, असा त्यामागचा समन्वयकांचा हिशेब होता. तो हिशेब बरोबर ठरला. पहिल्या दोन दिवसांत न आलेल्या काही मुली गटातल्याच दुसऱ्या मुलींच्या सांगण्यावरून तिसऱ्या दिवशी आल्या.

परंतु याच रचनेतून एक अडचणही उभी राहिली, आणि परीक्षण लिहिताना ती झाकणे योग्य होणार नाही. आपल्याकडे गावे आणि पाडे ज्या रीतीने वसले आहेत ती पाहता, बसच्या मार्गावर पाडलेला गट बहुधा जातीजमातीवरही पडतो. डोंगराच्या मार्गावरच्या गटात जवळजवळ सगळी पावरा व भिल्ल मुले, तापीकाठच्या मार्गावरच्या गटात बहुतांश गुजर आणि लेवा पाटील घरांतली मुले, आणि गावातच राहणाऱ्यांचा तिसरा गट, असे चित्र दिसू लागले. पहिल्या दिवशीच्या धाकधुकीत आपल्या माणसांत असणे प्रत्येकाला बरे वाटते. मात्र तोच गट तीन वर्षे टिकला तर महाविद्यालयात गावाचीच मांडणी पुन्हा उभी राहते. समितीतल्या एका तरुण प्राध्यापकाने हे तिसऱ्या दिवशी बोलून दाखवले. त्यानंतर प्रयोगशाळा व ग्रंथालयाच्या भेटींसाठी दोन वेगवेगळ्या मार्गांचे गट जोडले गेले आणि जोड्या सोडतीने लावल्या. हा बदल घाईत झाला आणि अर्धाच झाला. जोडलेले गट भेट संपताच पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसत होते. तरीही, सुरुवात मार्गांच्या गटांनी करावी आणि तिसऱ्या दिवसापासून ठरवून सरमिसळ करावी, हा क्रम मला योग्य वाटतो. उलट क्रम लावला तर डोंगराकडची मुले पहिल्याच दिवशी गप्प होतील आणि पुढे बोलतीलच याची खात्री नाही.

गटाचे एक सत्र मी मागच्या बाकावर बसून पाहिले. प्रत्येकाने पुढे येऊन नाव, टक्के आणि ध्येय सांगायचे, ही नेहमीची शिक्षा येथे नव्हती. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारले, ‘तुनं गाव कोनतं भो?’ आणि वर्गात हसू पसरले, पण ते कोणाला हसणे नव्हते. नंतरच्या बाकांवर अहिराणी चालली, लेवागणबोली चालली, आणि एका मुलाने गटातल्या ज्येष्ठ विद्यार्थिनीला पावरीतून काही विचारले तेव्हा तिने पावरीतूनच उत्तर दिले व मग सर्वांसाठी मराठीत सांगितले की हा प्रात्यक्षिकाच्या वहीबद्दल विचारतो आहे. सोबतचे प्राध्यापक हा सगळा वेळ शांत बसून होते. आमच्या पेशातल्या माणसाला ‘नीट मराठीत बोल’ असे म्हणण्याचा मोह आवरणे किती कठीण असते ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या शांत बसण्याची येथे मुद्दाम नोंद करते. ज्येष्ठ विद्यार्थ्यांची निवड करताना गुणांबरोबर बोलीचाही विचार झाला होता. नवापूरकडून आलेल्या दोघा-तिघांना मात्र मावची बोलणारे कोणी मिळाले नाही.

शिष्यवृत्तीच्या मदतकक्षाला मी या कार्यक्रमात सर्वाधिक गुण देईन. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज हा खान्देशातल्या बहुतेक गरीब विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन आयुष्यातला पहिला मोठा अडथळा असतो, आणि तो अडथळा सहसा बाहेरच्या सायबर कॅफेत पैसे देऊन, चुकीच्या माहितीसह ओलांडला जातो. येथे संगणक प्रयोगशाळा तीन दिवस त्यासाठी मोकळी ठेवली होती. एका मुलीचा अर्ज पुढे सरकत नव्हता. तिच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे होते. ‘पावरा’ हे आडनाव तीन कारकुनांनी तीन प्रकारे लिहिले होते एवढाच तिचा दोष. शेजारी बसलेल्या द्वितीय वर्षाच्या मुलीने आपल्या मोबाइलमधून स्वतःचा गेल्या वर्षीचा अर्ज काढला, आधी आधार दुरुस्त करून घ्यायचे, मग बँक खाते आधारशी जोडले गेले आहे का ते बँकेत जाऊन विचारायचे, आणि तोपर्यंत अर्ज अर्धवट जतन करून ठेवायचा, असा क्रम तिला वहीत लिहून दिला. कार्यालयातल्या लिपिकानेही नंतर तो क्रम बरोबर असल्याचे सांगितले आणि त्यात एक ओळ वाढवली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना असते आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना असते, हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. शेजारी लागणाऱ्या कागदांची यादीही होती. ही माहिती माहितीपुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर छापण्यापेक्षा फलकावर लिहिणे कितीतरी पटीने उपयोगी पडते.

नियमांच्या सत्राबाबत माझी निराशा झाली. रॅगिंगवर एक चित्रफीत दाखवली, विद्यार्थ्यांकडून प्रतिज्ञापत्रे भरून घेतली आणि सत्र आटोपले. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ पासून आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, दोषी विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे इतरत्रही प्रवेश मिळत नाही, आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. यातले काहीही त्या चित्रफितीत विद्यार्थ्यांच्या लक्षात राहील अशा रीतीने आले नाही. त्याहून मोठी उणीव अशी की ज्येष्ठ विद्यार्थी या सत्राला नव्हतेच. २००९ च्या विनियमांत नवागत आणि ज्येष्ठ यांचे एकत्र समुपदेशन सांगितले आहे, त्यामागे विचार आहे: ज्याच्यापासून भीती वाटते त्याच्यासमोरच नियम वाचला गेला तर तो दोघांनाही एकाच वेळी कळतो. गटांसोबत नेमलेले ज्येष्ठ विद्यार्थी मनापासून काम करत होते, पण उरलेले शेकडो ज्येष्ठ विद्यार्थी त्या आठवड्यात महाविद्यालयात आहेत हे समिती जणू विसरूनच गेली होती.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची ओळखही अशीच ओझरती झाली. फलकावर नावे होती, माणसे समोर आली नाहीत. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणांत या समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. ते कोण, त्यांना कुठे भेटायचे, तक्रार लेखीच द्यावी लागते का, हे प्रश्न मुलींनी गटात दबक्या आवाजात विचारले आणि त्यांची उत्तरे गटाच्या प्राध्यापकालाही नीट देता आली नाहीत. जातीवरून होणाऱ्या टोमण्यांचा विषय तर कोणत्याच सत्रात आला नाही. त्यासाठीचा समान संधी कक्ष कागदावर आहे. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचण्याची जुनी सवय अनेक महाविद्यालयांत अजून टिकून आहे आणि तेवढ्यावरूनही वर्गात दोन बाजू पडतात. येथे मदतकक्षात कोणाचा अर्ज कोणत्या प्रवर्गातून आहे हे बाहेर येणार नाही याची काळजी घेतली होती, हे मात्र मान्य केले पाहिजे.

नव्या अभ्यासक्रम रचनेवरचे सत्र आवश्यक होते आणि बरे झाले. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यानंतर मेजर, मायनर, खुले वैकल्पिक, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली अशा शब्दांनी प्राध्यापकही गोंधळतात, तिथे विद्यार्थ्यांचे काय सांगावे. वक्त्याने सरकत्या चित्रांऐवजी एका काल्पनिक विद्यार्थ्याचे पहिल्या सत्राचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले, प्रत्येक तासासमोर श्रेयांक (क्रेडिट) मांडले आणि वर्षाअखेरीस ४० ते ४४ श्रेयांक कसे होतात ते बेरीज करून दाखवले.

विज्ञान शाखेची अडचण निराळी आहे आणि तिचा विचार आखणीत झाला नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये प्रथम वर्ष विज्ञानाच्या वर्गात बसलेली बरीच मुले खरे तर अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा कृषीच्या प्रवेश फेऱ्यांची वाट पाहत असतात. प्रत्येक फेरीगणिक गट विरळ होत जातो. ज्यांनी पहिल्या दिवशी एकमेकांचे नंबर घेतले त्यांच्यातले निम्मे महिन्याभरात जळगाव, धुळे, शिरपूर किंवा नाशिकला निघून जातात, आणि मागे उरलेल्यांच्या मनात आपण मागे उरलो हीच भावना घर करते. त्यांच्यासाठी फेऱ्या संपल्यावर गटांची नव्याने बांधणी करणे आणि मूलभूत विज्ञानात पुढे काय करता येते हे त्याच विभागाच्या माजी विद्यार्थ्यांकडून सांगवणे, एवढे तरी करता आले असते.

तारखांची निवड करताना समितीने स्थानिक पंचांग पाहिले, हे मला विशेष आवडले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खान्देशातल्या देवीची स्थापना आणि सोमवारी विसर्जन असते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी सगळी भाऊबंदकी गावी जमते आणि त्या सोमवारी वर्ग भरत नाही, हे खान्देशात कोणाला सांगावे लागू नये. तरीही विद्यापीठाच्या वेळापत्रकाकडे बघून नेमक्या त्याच दिवशी कार्यक्रम ठेवणारी महाविद्यालये मी पाहिली आहेत. येथे तो सोमवार मोकळा होता, आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी गैरहजर धरले नाही. समारोपाच्या दिवशी बाहेरून बुफे न मागवता वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भरीत आणि कळण्याची भाकरी केली, पंगत बसली, आणि वाढायला ज्येष्ठ विद्यार्थी होते. उद्घाटनाच्या दिवशी जे जमले नव्हते ते या पंगतीत कमी खर्चात जमले, असे म्हणायला हरकत नाही.

वसतिगृहातल्या मुलांकडे मात्र संध्याकाळी सहानंतर कोणी फिरकले नाही. कार्यक्रम दिवसाचा होता आणि घरची आठवण रात्री येते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी तेथल्या वसतिगृहाचे काम पाहत, आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. तितके आजच्या अधीक्षकाकडून कोणी मागणार नाही. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी एका प्राध्यापकाने तासभर तिथे बसावे एवढेच मागायचे आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावला होता, पण तो मेसच्या दारामागे होता आणि दार दिवसभर उघडे असते.

कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी गूगल फॉर्म भरून घेतला. त्यात वक्ते कसे वाटले, अल्पोपाहार कसा होता, एकूण कार्यक्रमाला पाचपैकी किती गुण द्याल, असे प्रश्न होते आणि उत्तरे अपेक्षेप्रमाणे गोड आली, कारण फॉर्मवर नाव आणि हजेरी क्रमांक लिहिणे सक्तीचे होते. अडचण आली तर कोणाकडे जाल त्या माणसाचे नाव लिहा, गेल्या आठवड्यात महाविद्यालयात कोणाशी जेवलात, कार्यालयात कोणी अपमान केला का, वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते का, असे प्रश्न निनावी विचारले असते तर समितीच्या हाती काही लागले असते. रॅगिंगविरोधी विनियमांत पहिले तीन महिने दर पंधरवड्याला निनावी पाहणी करायला सांगितली आहे. तीच पाहणी थोडी विस्तारली तर वातावरण कसे आहे ते कळते आणि वेगळा फॉर्मही लागत नाही.

आठवडा संपल्यावर गटांचे काय झाले, हे मी मुद्दाम विचारत राहिले. ज्या प्राध्यापकांनी स्वतःहून आठवड्यातला एक तास राखला त्यांचे गट टिकले, बाकीचे विरले. त्यात त्या प्राध्यापकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. हा तास कार्यभारात मोजला जात नाही, अनेक जागा रिक्त आहेत, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला गटासाठी थांबायचे तर ते फुकट थांबावे लागते. उद्घाटनाच्या तयार कार्यक्रमावर गेलेले पैसे या तासांच्या मानधनासाठी वापरता आले असते, असे मी तेथल्या समन्वयकांना सांगितले. त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त खर्चाचे पत्रक माझ्याकडे सरकवले. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आखणीच्या बैठकांना बोलावले असते तर आणखी बरे झाले असते. बोनाफाईडची कल्पना एका लिपिकाने चहाच्या टपरीवर सुचवली होती, बैठकीत नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या, बहुसंख्य विद्यार्थी ये-जा करणारे असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाने या कार्यक्रमातून मार्गांनुसार गट, वर्गात मिळणारे बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा मदतकक्ष आणि पंगत हे चार भाग निःशंकपणे उचलावेत. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांना बसच्या गटांचा तितका उपयोग होणार नाही. तेथे मदतकक्ष आणि निनावी पाहणी यांवर भर द्यावा. जळगावच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे आणि धडगावच्या पाड्यापासून भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंत सगळे त्यात येतात, तेव्हा एकच साचा सर्वत्र बसणार नाही हे उघड आहे.

एक उणीव राहून जाते ती उशिरा आलेल्यांची. शासकीय वसतिगृहांच्या प्रवेश याद्या लांबतात, काही मुलांचे दाखले लवकर मिळत नाहीत, काही मुले कामाला गेलेल्या आईवडिलांबरोबर असतात आणि प्रवेशाच्या शेवटच्या मुदतीपर्यंत येत राहतात. कार्यक्रमाची सर्वांत जास्त गरज असलेली हीच मुले कार्यक्रम संपल्यावर वर्गात येतात, आणि त्यांना ना गट असतो ना ज्येष्ठ विद्यार्थ्याचा नंबर. समन्वयकांशी बोलताना कळले की पुढच्या वर्षी प्रवेशाची मुदत संपल्यानंतरच्या आठवड्यात दोन दिवसांची दुसरी फेरी घ्यायची आणि तिच्यासाठी उद्घाटन ठेवायचे नाही, असा प्रस्ताव त्यांनी दिला आहे. प्रस्ताव सध्या प्राचार्यांच्या टेबलावर आहे.